मुठेचे फोटो, क्रॉप न करता : आमच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

पहिली मीटिंग झाली. मीटिंग कसली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहा खुर्च्या, चहा आणि मारी बिस्किटं. हे तेच पार्किंग जिथे २५ जुलैला पाणी शिरलं होतं. खडकवासला धरणातून त्या दिवशी ३५ हजार क्युसेकच्या वर सोडलेलं, पलीकडे एकतानगरीत बोटी आणाव्या लागल्या आणि आमच्याकडे तीन स्कूटर आणि वॉचमनकाकांची गादी गेली. भिंतीवर चिखलाची रेघ अजून आहे, माझ्या कमरेएवढी. रंग द्यायचा विषय निघाला होता पण बँकवाले काका (रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी बँकवालेच) म्हणाले राहू द्या, रेघ आहे म्हणून निदान आठवण तरी आहे.

ठरलं असं की नदीचे, म्हणजे पुण्यातून वाहणाऱ्या मुठेचे, फोटो काढायचे, सगळ्यांनी, मोबाईलवर चालतील, आणि दिवाळीनंतर स्पर्धा ठेवायची, सुंदर फोटोला बक्षीस. मी कॅमेरा बाळगणारी एकटीच म्हणून आपोआप प्रमुख झाले. नोंदी ठेवायचं कामही माझ्याकडेच आलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

दसरा काल झाला, आज ग्रुपवर एकूण ६४ फोटो आले. बघायला बसले आणि अर्ध्या तासात कंटाळले. सूर्यास्त, सूर्यास्त, पुलाच्या कमानीतून सूर्यास्त, खंड्या, परत सूर्यास्त. सगळे छान आहेत हो. पण हे बघून कुणालाही वाटेल की पुण्यात नदीला काही झालेलंच नाही.

मग माझा स्वतःचा एक फोटो आठवला. तीन वर्षांपूर्वी कवडी पाटला (शहराबाहेर नदीवरची पक्षी बघायची जागा) काढलेला, चक्रवाकाची जोडी, केशरी रंग, मागे धुकं. ऑफिसच्या स्पर्धेत दुसरा नंबर आला होता आणि अजून डेस्कवर फ्रेम आहे. हार्ड डिस्कमधून मूळ फाईल शोधून काढली. खालच्या बाजूला एक थर्माकोलचा तुकडा, दोन बाटल्या, एक निळी चप्पल आणि उजवीकडे फेस. हे सगळं मी कापलं होतं, एका मिनिटात, काहीही न वाटता. जे धुकं वाटत होतं तेही थोडं धुकं आणि थोडा शेजारी जाळलेल्या कचऱ्याचा धूर होता.

ग्रुपवर दोन्ही टाकले, कापलेला आणि मूळ. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, "अगं तू पण?"

२० ऑक्टोबर

स्पर्धा रद्द. थोडी वादावादी झाली कारण बक्षिसाचं मिक्सरचं भांडं आधीच आणलं होतं. नवा नियम एकच, क्रॉप करायचा नाही. आणि सुंदर जागा शोधत फिरायचं नाही, जागा ठरलेल्या, उभं राहायचं ठिकाण ठरलेलं, कोन ठरलेला, महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी ८ ते ९ मध्ये फोटो. एकच जागा परत परत. बँकवाले काका खूश झाले, म्हणाले हे पासबुकसारखं झालं, एका नोंदीत काही कळत नाही, वर्षाचं बघितलं की माणूस कळतो.

जागा नक्की केल्या. विठ्ठलवाडीचा घाट, राजाराम पूल, म्हात्रे पूल, ओंकारेश्वराच्या मागची बाजू, संगम (मुळा-मुठेचा), बंडगार्डनचा बंधारा. नदीवर एवढ्या पुरे. शिवाय कवडी पाट, पाषाण तलाव, सोमेश्वरवाडीला रामनदी, आणि कात्रजचा तलाव. एकूण दहा. माझी भाची कर्वेनगरला राहते तिने राजाराम पूल घेतला, पाषाणच्या दोन्ही जागा तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींनी.

३ नोव्हेंबर, रविवार (भाऊबीज)

पहिली फेरी. भाऊबीज असल्याने दहापैकी सहाच जागा झाल्या आणि त्यातल्या दोन दुपारी, ओवाळणी आटोपल्यावर. असो.

अडचणी लगेच कळल्या. एक, मोबाईल आपला आपला रंग ठरवतो. राजाराम पुलावरून भाचीच्या फोनने पाणी हिरवं दाखवलं आणि शेजारी उभ्या तिच्या भावाच्या फोनने करडं, एकाच मिनिटाला. त्यावर उपाय म्हणून फ्रेमच्या कोपऱ्यात पांढरा कागद धरायचा, म्हणजे नंतर कागद पांढरा धरून रंग जुळवता येतो. दोन, झूम करायचा नाही, एक एक्सवरच काढायचा. तीन, क्षितिज सरळ ठेवा हे मी पन्नास वेळा सांगूनही बंडगार्डनचा बंधारा घसरगुंडीसारखा आलाय.

१७ नोव्हेंबर

निवडणुकीच्या रिक्षा दिवसभर फिरतायत, बुधवारी मतदान, त्यामुळे कुणाचं लक्ष नाही. तरी आठ जागा झाल्या.

परवा त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर गेले होते. पणत्या लावलेल्या, काळ्या पाण्यात प्रतिबिंब, एवढं देखणं दृश्य की हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला. काढला फोटो. रात्री पाणी कसंही असलं तरी सुंदरच दिसतं, हा फोटोग्राफीतला सगळ्यात सोपा खोटेपणा आहे. तोच घाट आज सकाळी आठला ठरलेल्या कोनातून काढला, पायऱ्यांवर तेलकट पणत्या, द्रोण, आणि पाण्याला वास. दोन्ही फोटो ठेवलेत. पणत्यांचा खोडून टाका असं एकजण म्हणाला, मी नाही म्हटलं. लोक नदीपाशी येतात ते पणत्या लावायलाच तर येतात, ते पण नोंदीत पाहिजे.

वास मात्र फोटोत येत नाही. यावर कुणाकडे काही उपाय नाही.

२४ नोव्हेंबर

आज फेरी नव्हती पण एक गोष्ट लिहून ठेवते कारण ग्रुपवर वाद झाला. एका दादांनी विचारलं की पावसाळ्यात एवढं पाणी असतं मग आत्ता नदी इतकी घाण कशी, धरण तर भरलेलं आहे.

तर पाणी धरणातच अडवलेलं आहे म्हणूनच. खडकवासल्याचं पाणी एरवी नदीत सोडतच नाहीत, ते पिण्यासाठी पाईपातून आणि शेतीसाठी मुठेच्या उजव्या कालव्यातून जातं. नदीत सोडतात ते धरण ओसंडायला लागलं की. म्हणजे पाऊस संपला की शहरातल्या मुठेत वरून येणारं पाणी जवळजवळ बंद, आणि जे वाहताना दिसतं त्यात मोठा वाटा आपल्याच नळाचा, जो मोरीतून आणि संडासातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत आलाय, थोडा शुद्ध होऊन, बराचसा न होता. मी हे लिहिल्यावर दादांनी लिहिलं, "म्हणजे आम्ही आमच्याच मोरीचे फोटो काढतोय का?" हो दादा.

१ डिसेंबर, रविवार

पहाटे साडेपाचला सात जण कवडी पाटला. सोलापूर रोडने लोणीच्या अलीकडे. थंडी चांगली होती. चक्रवाक आलेत, लडाख-तिबेटकडून एवढा प्रवास करून ही बदकं आपल्या सांडपाण्यावर उतरतात याचं मला दर वर्षी आश्चर्य वाटतं आणि थोडी लाजही वाटते. हळदी-कुंकू बदकं, शराटी, नदी सुरय, धोबी, तुतवार, आणि शेकाट्या तर शेकड्यांनी.

पहिल्यांदा आलेल्या काकू म्हणाल्या, एवढे पक्षी आहेत म्हणजे पाणी चांगलंच असणार ना. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. उलट आहे. शेकाट्याला उथळ, गाळाचं, सेंद्रिय घाण असलेलं पाणी चालतं, त्या गाळात किड्यांच्या अळ्या भरपूर असतात आणि लांब पाय टाकत तो त्याच टिपतो. म्हणून शेकाटे वाढले याचा अर्थ नदी सुधारली असा लावायचा नाही. ज्यांना स्वच्छ पाण्यातले मासे लागतात ते पक्षी किती दिसतात ते बघायचं. म्हणून पक्ष्यांचा फोटो काढला की त्यासोबत पाण्याचा रुंद फोटो काढायचाच, असा नियम केला. नुसता पक्षी चालणार नाही.

आणखी एक. बंधाऱ्यावर एक मावशी कपडे धूत होत्या, आमच्यातल्या एकाने लांबून लेन्स लावली. त्यांनी बघितलं आणि पदर तोंडावर घेतला. मी जाऊन माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "काढा की, पन आमीच घान करतो म्हणून नका दाखवू, ही घान वरून येती, तुमच्याकडनं." पुढे काही बोलताच आलं नाही. माणसांचा फोटो विचारल्याशिवाय नाही, हा नियम त्या दिवसापासून सगळ्यांना पाठ.

८ डिसेंबर

राजाराम पुलाच्या वरच्या अंगाला डाव्या काठावर एक पाईप आहे, त्यातून थेट काळं पाणी नदीत. भाचीच्या नोव्हेंबरच्या दोन आणि डिसेंबरच्या एका फोटोत तो दिसतोय, तिन्हीत वाहताना. तिन्ही फोटो प्रिंट करून आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहा विचारला, आणि मग म्हणाले, "फोटो कधीचे हे कशावरून?"

तारीख आम्ही खाली पेनाने लिहिली होती. हसू आलं आपलंच.

घरी येऊन फाईली उघडल्या तर तारीख, वेळ, ठिकाण काहीच नाही. कारण सगळे फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले, आणि व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं आणि आतली माहिती पुसून टाकतं. दोन महिन्यांची मेहनत आणि पुरावा म्हणून किंमत शून्य. मूळ फोटो ज्यांच्या फोनमध्ये होते ते गोळा करायला सुरुवात केली, तर निम्म्या लोकांनी "स्टोरेज फुल" म्हणून उडवलेले.

आजपासून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, फोटो म्हणून नाही. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू. मूळ फाईल महिनाभर तरी डिलीट करायची नाही. शिवाय तारीख आणि जागा फोटोवरच छापणारं एखादं ॲप वापरून दुसरा फोटो. काकूंना डॉक्युमेंट म्हणून पाठवणं शिकवायला पाऊण तास गेला पण आता त्या बाकीच्यांना शिकवतायत, जरा दरडावूनच.

१५ डिसेंबर

म्हात्रे पुलाजवळ कठड्याला एक एल आकाराची लोखंडी पट्टी बसवली होती, फॅब्रिकेशनवाल्याकडून दीडशे रुपयात करून, फोन टेकवला की कोन बरोबर. पंधरा दिवसात भंगारात गेली. परत नाही करणार. आता खूण म्हणजे दिव्याचा खांब आणि समोरचं वडाचं झाड फ्रेमच्या उजव्या कडेला. झाड चोरीला जायला वेळ लागेल.

२९ डिसेंबर

नारायण पेठेतल्या एका आजींकडे गेलो. वय ८४. कुणाच्या तरी ओळखीतून कळलं होतं की त्यांच्याकडे जुने अल्बम आहेत. काळ्या कागदाची पानं, कोपऱ्यांना चिकटवायचे त्रिकोण, मध्ये बटर पेपर. एक फोटो नदीचा. तारीख नाही पण आजी म्हणाल्या पूर यायच्या आधीच्या उन्हाळ्यातला. पूर म्हणजे अर्थात पानशेतचा, पुण्यात दुसरा कुठला पूर असतो. १२ जुलै १९६१, पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि पेठा बुडाल्या. आजींचं घर अर्धं गेलं, अल्बम वाचला कारण तो माळ्यावरच्या ट्रंकेत होता.

फोटोत घाटाच्या पायऱ्या आहेत, मोजल्या तर अकरा दिसतायत, आणि खालच्या पायरीवर दोन पोरं पाण्यात पाय सोडून बसलीयेत. पाण्यात पायांचे तळवे दिसतात. मी भिंग घेऊन बघितलं, खरंच दिसतात.

आम्ही त्याच जागेवरून आजचा फोटो काढायचा प्रयत्न केला. कोन जुळवायला दोन तास लागले, मागच्या देवळाचा कळस आणि एक जुनी भिंत धरून अंदाजाने उभं राहिलो. पायऱ्या आता चारच दिसतात, बाकी गाळात आणि राडारोड्यात. आजींना फोटो दाखवला, त्यांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ह्यात नदी कुठंय?"

५ जानेवारी २०२५

दहाच्या दहा जागा झाल्या, पहिल्यांदाच!!

कात्रजला मी स्वतः गेले होते. तलाव प्राणिसंग्रहालयाच्या आवारात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७५० च्या सुमाराला इथून दगड-विटांच्या बंद नळाने पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं, वाटेत हौद, आणि मध्ये मध्ये हवा जायला आणि साफसफाईला उच्छ्वास. शहरातले कितीतरी हौद ह्याच पाण्यावर. माझ्या सासऱ्यांना लहानपणी हौदाचं पाणी भरल्याचं आठवतं. हे सगळं मी भाचीच्या मैत्रिणींना सांगत होते आणि त्यांनी विचारलं मग आता ते पाणी कुठे जातं. आता तिथून आंबिल ओढा निघतो आणि तो कसा जातो हे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री सगळ्यांनी बघितलंय, सोसायट्यांच्या भिंती फोडत, गाड्या एकावर एक रचत, माणसं गेली. ओढा अरुंद केला, वळवला, वर बांधलं, आणि पाऊस पडल्यावर त्याने आपली जागा मागितली.

सारसबाग पण मुळात तळंच. म्हणून तर तिथल्या गणपतीला तळ्यातला गणपती म्हणतात. मुलींना हे माहीतच नव्हतं, त्यांना वाटायचं नाव असंच आहे.

१९ जानेवारी

पाषाण तलावावर नवीन प्रयोग. स्टीलचं जेवणाचं ताट (जुनं, काकूंच्या लग्नातलं, परवानगीने) चार भाग करून काळं-पांढरं रंगवलं, मध्ये भोक, दोरी, दोरीला खुणा. पाण्यात सोडत जायचं, ताट दिसेनासं झालं की दोरीवर खोली वाचायची. ही युक्ती १८६५ मधली, अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याची, तो खगोलशास्त्रज्ञही होता. त्याने समुद्रात वापरली होती, आम्ही पाषाणात. तलावात आमचं ताट हातभर पण गेलं नाही आणि गायब. दोरी धरून उभ्या असलेल्या मुलीला वाटलं ताट सुटलं.

ताट बुडायच्या क्षणाचा फोटो प्रत्येक वेळी वरून काढायचा. पाण्यावरची चमक घालवायला पोलरायझर फिल्टर लागतो, तो मोबाईलला नसतो, म्हणून गॉगलची काच लेन्ससमोर धरली. गॉगल पोलराइज्ड पाहिजे, रस्त्यावरचा दीडशेचा चालत नाही, करून बघितलं.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर सोसायटीत एकच विषय, जीबीएस (गुलेन-बारी सिंड्रोम, नसांचा आजार). सिंहगड रोडवर नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात पेशंट निघतायत, पाणी उकळून प्या असं सगळीकडे सांगतायत. ग्रुपमध्ये अचानक अठरा नवे लोक आले. सगळ्यांना आमच्या फोटोंवरून पिण्याचं पाणी चांगलं की वाईट ते सांगून हवंय. फोटोवरून ते सांगता येत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असू शकतात, त्याला लॅबच लागते, हे मी दिवसभरात बहुतेक वीस वेळा टाईप केलं. आपण काय दाखवू शकतो आणि काय नाही हे आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं, ते ग्रुपच्या माहितीत आता लिहिलंय.

२ फेब्रुवारी, रविवार

आज जागतिक पाणथळ दिन, २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावात करार झाला म्हणून. महाराष्ट्रात रामसर यादीत नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी. पुण्याचं काही नाही.

आजच प्रदर्शन लावलं, पार्किंगमध्येच. अप्पा बळवंत चौकातून १२ बाय १८ चे प्रिंट, सनबोर्डवर. दहा जागा, प्रत्येकीचे सात सात फोटो आडव्या ओळीत, जिथे फेरी चुकली तिथे रिकामी काळी चौकट. ती चौकट ठेवावी की नको यावर चर्चा झाली होती, मी ठेवली. मध्ये आजींचा फोटो आणि आजचा.

लोक सूर्यास्ताच्या फोटोपुढे पाच सेकंद थांबतात हे मला माहितीये. ह्या ओळींपुढे थांबले. कारण लोक फरक शोधत होते, लहान मुलं वर्तमानपत्रातलं कोडं सोडवतात तसं. म्हात्रे पुलाच्या ओळीत एका शाळकरी मुलाने दाखवलं की डाव्या काठावरचा मातीचा ढीग नोव्हेंबरमध्ये नव्हता, डिसेंबरमध्ये छोटा, जानेवारीत झाडाच्या बुंध्यापर्यंत. आम्ही कुणीच बघितला नव्हता! आम्ही सगळे पाण्याकडे बघत होतो. राडारोडा टाकून काठ भरत चाललाय, हळूहळू, रात्री. निळ्या पूररेषेच्या आत, जिथे पंचवीस वर्षांतून एकदा येणारं पाणी पसरायला जागा हवी. ती जागा भरली की पाणी कुठे जाणार, तर आमच्या पार्किंगमध्ये, रेघ आहेच.

नदीकाठ सुधार योजनेवरून दोन काकांचं चांगलंच वाजलं. एक म्हणतात बाग-बिग, फिरायला रस्ता होईल, दुसरे म्हणतात आधी मैलापाणी थांबवा मग बाग करा. मी दुसऱ्या काकांच्या बाजूची आहे पण सनबोर्ड पडू नयेत म्हणून मध्ये गेले.

१० फेब्रुवारी, सोमवार

त्याच कार्यालयात परत. ह्या वेळी मूळ फाईली पेनड्राइव्हमध्ये, तारीख-वेळ-ठिकाण सकट, पाईपचे पाच आणि ढिगाऱ्याचे चार. साहेब तेच. बघत गेले, बघत गेले, मग म्हणाले ठेवून जा. पोचपावती घेतली.

२० फेब्रुवारी

पाईपवर माणसं आली! वरच्या गल्लीतलं चेंबर तुंबलं होतं आणि मैला पावसाळी गटारातून नदीत उतरत होता, ते साफ केलं. भाची ऑफिसला जाताना थांबली आणि फोटो पाठवला, डॉक्युमेंट म्हणून, पाईपचं तोंड कोरडं. आयुष्यात पहिल्यांदा एका कोरड्या पाईपच्या फोटोवर चाळीस बदाम आले असतील.

ढिगाऱ्याचं अजून काही नाही.

२ मार्च

जलपर्णी वाढतेय. बंडगार्डनला जानेवारीत बारीक पट्टे होते, आज अर्ध्याहून जास्त पाणी दिसत नाही. जांभळी फुलं आलीत आणि ग्रुपवर कुणीतरी "किती सुंदर" लिहिलंच. फुलं सुंदर आहेतच. दक्षिण अमेरिकेतली वनस्पती, शोभेची म्हणून जगभर नेली आणि सगळीकडे डोक्यावर बसली. सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस हे तिचं खत, वर ऊन, खाली साचलेलं पाणी, मग दोन आठवड्यांत दुप्पट व्हायला काहीच लागत नाही. खाली उजेड जात नाही, कुजली की पाण्यातला प्राणवायू खाते, मासे संपतात, डास वाढतात. यंत्राने काढतात, काढलेली काठावर टाकतात, आणि खत चालूच असल्याने परत येते.

भाचीने सेंटिनेल उपग्रहाची चित्रं काढलीत, फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी एक, एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर. पाषाण तलाव छान दिसतो, हिरवा डाग कसा सरकतो ते कळतं. मुठा मात्र शहरात इतकी अरुंद झालीये की मोजक्या ठिपक्यांची रेघ उरते, आणि पुलाखाली तीही नाही. तिथे आपले फोटोच उपयोगी. उपग्रहाला पुलाखाली वाकून बघता येत नाही, काकूंना येतं (गुडघे धरून).

१६ मार्च

पाईप परत वाहतोय. चोवीस दिवस कोरडा होता. फोटो काढला, पेनड्राइव्हमध्ये टाकला.

ढीग मात्र अर्धा उचललाय. कुणी, कधी, माहीत नाही. आमच्यामुळे असं म्हणायला काही आधार नाही. फोटो आहेत एवढंच.

२० एप्रिल

ऊन फार. सहा जागा झाल्या. बँकवाले काकांनी ओंकारेश्वरामागची जागा एकही रविवार न चुकवता बारा वेळा केलीये, त्यांचं पासबुक सगळ्यात भरलेलं. आज त्यांनी फोटोसोबत लिहिलं, पाण्यात एक टिबुकली (बदकासारखा छोटा पक्षी), एकटीच, तिच्यामागे वेफरचं पाकीट. दोन्ही फ्रेममध्ये ठेवलेत.

आजी मार्चमध्ये गेल्या. त्यांच्या मुलाने अल्बम स्कॅन करायला आमच्याकडे दिलाय.

२७ मे, मंगळवार

काल मान्सून पुण्यात आला म्हणे, मे महिन्यातच, पण इथे गेला आठवडाभर पडतोच आहे. आज फेरीचा दिवस नव्हता पण मी म्हटलं विशेष फेरी, जमेल त्यांनी जा. बंडगार्डनला जलपर्णीचा पट्टा तुटून तुकडे तुकडे होऊन बंधाऱ्यावरून खाली जाताना मिळाला, व्हिडिओ पण आहे. ग्रुपवर जल्लोष, नदी साफ झाली. साफ कसली, पुढे गेली. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते, म्हणजे आता ती उजनीकाठच्या लोकांची. तिकडचं कुणी ओळखीचं असेल तर सांगा, एक जागा तिथे पाहिजे.

विठ्ठलवाडीच्या घाटावर मला जाता आलं नाही, ऑफिस. काकू एकट्याच गेल्या, एका हातात छत्री, एका हातात फोन. फोटो आलाय, डॉक्युमेंट म्हणून, सकाळी ८.१२. पाणी गढूळ, वेगात, खालच्या तीन पायऱ्या बुडालेल्या, पांढरा कागद भिजून लोंबतोय, क्षितिज वाकडं, आणि डाव्या कोपऱ्यात काकूंचा अंगठा, चांगला पाव फ्रेमभर. खाली लिहिलंय, "अंगठा आलाय. कापू का?"

नका कापू म्हटलं.